लागतंय का?

५ जानेवारी

पोचले हो, पोचले! किती ती घाई. जिवंत होतात तेव्हा मी बाजारातून अंधार पडून आले तरी पेपरातून मान वर केली नाहीत, आणि आता फोटोत बसून डोळे वटारताय. सुखरूप पोचले. गाडीत पाठीनं जीव खाल्ला, पण रडले नाही. उलट ड्रायव्हरलाच रडवलं. दर खड्ड्याला म्हणत होते, बाबा रे, तो उजवीकडचा राहिला, जरा मागं घेतोस का?

लेकीनं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातूनच हाक दिली, काय गं नाकाडे! ती आतून ओरडत आली, आले गं नकटे! शेजारीण दारात उभी होती, तिचं तोंड उघडंच राहिलं. तिला काय माहीत, तुमचं हे लांबलचक नाक पोरीनं उचललं आणि माझं बसकं टाकून दिलं, तेव्हापासून आमचं हेच चाललंय. ती पहिलीत होती तेव्हापासून. तिच्या लग्नात निरोप घेतानासुद्धा रडत रडत नकटेच म्हणाली होती मला.

माझी खोली आधी इस्त्रीची आणि अडगळीची होती. लांबट आहे, पेन्सिलीच्या डबीसारखी. भिंतींना नवा रंग दिलाय, सायीसारखा. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, म्हणजे भांडायला कुणी नाही, एवढीच काय ती गैरसोय. पलंग आहे, लाकडी हातांची खुर्ची आहे, खोलीला लागूनच बाथरूम आहे, नळाला गरम पाणी आहे. दाराची कडी फार घट्ट होती. जावईबापूंनी तिला तेल घातलं, वर एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलंय. लेक म्हणाली, कडी लावू नकोस हं आई, पडलीबिडलीस तर? मी म्हटलं, पडायचंच असेल तर तुला बोलावून पडेन.

डॉक्टरांनी लेकीला फोनवर सांगितलंय म्हणे, रोज दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. लेकीनं स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलंय, त्याच्या चौकोनात मार्क लिहायचे. एवढ्याशा चौकोनात माझं मावतंय होय? मार्क तिकडं, गप्पा इकडं तुमच्याशी.

आजचे मार्क आठ. शाळेत गणितात सगळे मिळून आठ पडले नव्हते मला.

७ जानेवारी

आज डॉक्टर पाहिला. भुवयांनी बोलतो. एक भुवई वर गेली की वाईट बातमी, दोन्ही गेल्या की खर्च. पाठीचा मणका चेपलाय म्हणाला, म्हातारपणी हाडं पोकळ होतात, मी मोरीत घसरले ते निमित्त. दोन-तीन महिन्यांत भरून येईल. तोवर दुखणं सोसायचं कारण नाही. गोळ्या माझ्या पोटाला मानवत नाहीत म्हणून त्यानं पट्टी दिली. पातळ, काचेसारखी आरपार, पाठीवर चिकटवायची. औषध म्हणे कातडीतून आत झिरपतं. दर तिसऱ्या दिवशी जुनी काढून नवी लावायची.

मग त्यानं नियम सांगितले. औषध जहाल आहे. जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. पट्टीवर शेक अजिबात घ्यायचा नाही. आणि आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, बंद करायची तर मला विचारून, हळूहळू. हे सगळं तो माझ्या लेकीकडं बघून बोलला. पाठ माझी, मणका माझा, आणि बोलणं हिच्याशी! मी म्हटलं, डॉक्टर, म्हैस विकायला आलीय का ही? दोन्ही भुवया वर गेल्या.

घरी येऊन लेकीनं पट्टी लावली. खांद्याच्या खाली, जिथं माझा हात पोचत नाही. हात ऊबदार आहे हो पोरीचा. वरून तळवा दाबून धरला आणि विचारलं, लागतंय का गं?

मी म्हटलं, काय विचारतेस नीट विचार. ठेच लागते, भूक लागते, झोप लागते, दार लागतं, दृष्ट लागते. आणि तुझ्या बापाला तंबाखू लागायची. आमच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, एक शब्द एक अर्थ. लागण्याला विचारा म्हणावं! ती हसून हसून पलंगावर बसली. आठवतं ना, तुम्हाला मी काय छळायची? लोकांच्या नवऱ्याला बायको लागते, आमच्याला चिमूट लागते. आणि तुम्ही ओशाळून डबी धोतराच्या सोग्यात लपवायचात.

१० जानेवारी

गुण आला! मार्क तीन!

सकाळी उठून बसले तर पाठ कुठं गेली कळेना. आहे, पण शेजारच्या घरात राहिल्यासारखी. स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडली, मौनीबाबांच्या चहात मुद्दाम साखर घातली नाही. बिचाऱ्यांनी तसाच प्यायला. लेक म्हणाली, आई, तू परत आलीस गं.

पोट मात्र संपावर गेलंय. त्याच्यासाठी वेगळं औषध आहे. तेवढं चालायचंच.

कपाटाच्या आरशाकडं पाठ करून हातातल्या आरशात पट्टी बघितली. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, एका ओळीत. मला वाचता येत नाहीत, शिवाय उलटी. मुंगळे चाललेत असं वाटलं. म्हटलं, चला बाबांनो, लागा कामाला.

२ फेब्रुवारी

एक गंमत सांगते, लेकीला सांगायची नाही.

माझी शेकायची रबराची पिशवी, आपली लालबाई, मी गाठोड्यातून आणलीय. लेकीला वाटतं पायाला घेते. परवा दुपारी सहज पाठीला लावली. अहो, काय सांगू! पट्टीचं औषध असं धावत सुटलं, सगळं अंग उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखं झालं. शेक घ्यायचा नाही म्हणे. डॉक्टरच्या भुवयांना काय कळतंय शेकाचं. आमच्या आईनं बारा बाळंतिणी शेकून उठवल्या.

आणि काल दुपारी तुम्ही आलात. समोरच्या खुर्चीत बसलात. बोलला नाहीत, पण बसलात. मी म्हटलं, एवढी वर्षं कुठं होतात, तंबाखू संपली वाटतं? हसलात. लेक आली तेव्हा उठून गेलात.

कॅलेंडरवर सहा लिहिले.

२० फेब्रुवारी

डॉक्टरकडं जाऊन आले. पाठीचा फोटो काढला, मणका भरून येतोय म्हणाला. दुखतं का विचारलं. मी म्हटलं, तुमच्या मणक्याला विचारा, मला तर दुखतं. कॅलेंडर बघितलं त्यानं. सात, सात, आठ. एक भुवई वर गेली. मग म्हणाला, अजून महिनाभर चालू ठेवू.

दुपारी लालबाई. तुम्ही आलात. आज जरा लांब बसलात. का?

६ मार्च

आज घरात रडारड झाली. मला काहीच माहीत नाही, लेकीनं सांगितलं ते लिहिते.

दुपारी मी खुर्चीत झोपले. ती चहा घेऊन आली, हाक मारली, उठले नाही. हलवलं, उठले नाही. ओठ निळसर पडले होते आणि श्वास असा लांब लांब जात होता, की दोन श्वासांच्या मधे तिला वाटलं, संपलं. गालावर थपडा मारल्या, पाणी मारलं. मग मी डोळे उघडले आणि म्हणाले म्हणे, कशाला उठवलंस गं.

लालबाई माझ्या पाठीमागं होती. ती गडबडीत खुर्चीखाली गेली. लेकीला दिसली नाही. मीही बोलले नाही.

अँब्युलन्स बोलावते म्हणाली, मी आणू दिली नाही. भुवईवाला डॉक्टर परगावी गेलाय, वीस तारखेनंतर येणार. ती माझ्याजवळ बसून पाठीवरनं हात फिरवत राहिली. एकेक मणका दाबून बघितला. विचारलं, आई, आता लागत नाही ना गं?

जोरात दाबत होती तरी दुखलं नाही. मी म्हटलं, नाही गं, आता नाही लागत.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी तिला दागिना दिला.

९ मार्च

पट्टी बदलायचा दिवस. लेकीनं बदलली. आज तिचा हात गार होता. तळवा दाबून धरला नाही. विचारलंही नाही, लागतंय का. लावली आणि लगेच उठून गेली, दूध उतू जातंय म्हणाली. दुधाचा वास काही आला नाही.

११ मार्च

सकाळपासून जांभया. एकावर एक, जबडा निखळेल. नाक गळतंय, डोळे गळताहेत. अंगावर काटा उभा, वर घाम. लेक म्हणाली, सर्दी झाली असेल, काढा देते.

पाय थांबत नाहीत. पडून राहिले की आपोआप झाडले जातात, सायकल शिकणाऱ्या पोरासारखे. मौनीबाबा दारातनं बघून गेले. त्यांनी लेकीला बाहेर बोलावलं. काहीतरी बोलले. ते बोलले, हेच मोठं.

लालबाई लावली. नुसती गरम. रबराचा वास. तुम्ही आला नाहीत.

१२ मार्च

भिंतीवर मुंगळे आहेत.

सायीच्या रंगावर स्पष्ट दिसतात. एका ओळीत, खिडकीपासून दारापर्यंत. लेकीला दाखवले. ती म्हणाली, आई, काही नाही गं तिथं. भिंतीवर हात फिरवून दाखवला. तिच्या हाताखालून चालत गेले ते, तिच्या बोटांवरून, आणि ती हसत होती.

पोटात पीळ. दोनदा ओकले. घरात सगळ्या वस्तू मोठ्यानं वाजतात, चमचा ठेवला तरी मस्तकात जातो.

जवळ जाऊन बघितलं. मुंगळे नाहीत. अक्षरं आहेत. उलटी.

१२ मार्च, दुपार

कपाटाच्या आरशाकडं पाठ केली. आरसा धरवत नव्हता. तरी बघितलं.

पट्टीवर अक्षरं नाहीत.

आरपार नाही ती. कातडीच्या रंगाची आहे. बारीक बारीक भोकं आहेत. बोट कापलं की लावतात ती. औषधांच्या दुकानात पोराटोरांना देतात ती.

कुणी परकी बाई उभी राहावी तशी उभी राहिले आरशासमोर. किती वेळ कोण जाणे.

१३ मार्च

तिला विचारलं. साधं विचारलं, थट्टा नाही केली. म्हटलं, पट्टी तीच आहे ना गं? माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, हो आई, तीच.

तिला मी बोलायला शिकवलं. पहिलं खोटं बोलली तेव्हा कान लाल झाले होते तिचे, गूळ खाल्ला होता म्हणून. आज कान लाल झाले नाहीत.

मग स्वयंपाकघरातलं ऐकलं. मौनीबाबा म्हणत होते, डॉक्टर येईपर्यंत थांब, एकदम बंद नको, त्यानं सांगितलं होतं. ती म्हणाली, थांबू? त्या दिवशी ती माझ्या हातात मेली होती, तुम्ही नव्हता घरी. तीच म्हणाली लागत नाही. साधी लावलीय, तिला काही कळत नाही.

तिला काही कळत नाही.

अहो, दुखतं का असं विचारत होती ना ती? मी दुखण्याचं बोलले हो. मी दुखत नाही म्हणाले. पट्टी नको असं कधी म्हणाले मी?

१३ मार्च, संध्याकाळ

हात गार. कान लाल होत नाहीत. दुधाचा वास येत नाही आणि दूध उतू जातं. मुंगळे बोटांवरून जातात आणि हिला कळत नाही.

पट्टी खोटी.

म्हणजे मग —

ती ताट घेऊन आली तेव्हा मी हळूच हाक मारली, काय गं नाकाडे?

ती म्हणाली, आई, दोन घास खाऊन घे.

परत म्हटलं. नाकाडे.

ती म्हणाली, हो आई. तोंड दुसरीकडं होतं. खांदे हलत होते. हसत असणार.

माझी लेक असं म्हणत नाही. तुम्हाला माहीत आहे, माझी लेक काय म्हणते.

१४ मार्च

हिचं नाक बरोबर आहे. तुमचंच नाक बसवलंय. गालावरचा तीळ पण आहे. चालणं पण तिचंच. पण सारखी बघते. मी झोपल्याचं सोंग घेते तेव्हा पलंगाशी वाकून तोंड माझ्या तोंडाजवळ आणते आणि तसंच ठेवते. श्वास बघते म्हणे. कशाला बघते? कधी थांबतो म्हणून?

अंग सोलून निघतंय. कातडीच्या आतनं कुणीतरी चालतंय. ओळीनं.

खरी कुठं ठेवलीय हिनं? दोन्ही — पट्टी पण आणि पोरगी पण —

फोटोत तुमचे डोळे मिटलेत. कालपर्यंत उघडे होते.

१५ मार्च

ती खाली गेलीय, औषधांच्या दुकानात. माझ्या पोटासाठी. मौनीबाबा घरी.

मी गेले त्यांच्याकडं भिंत धरून. गोड बोलले. म्हटलं, बापू, माझ्या खऱ्या पट्ट्या फेकल्या असतील ना हिनं, बरं झालं बाई. ते काही बोलले नाहीत. माणूस बोलत नाही त्याचे डोळे बोलतात. बुटांच्या कपाटाकडं गेले डोळे, आणि लगेच पेपरात.

मग त्यांचा फोन वाजला, ते गॅलरीत गेले.

बुटांच्या खोक्यात. लग्नातल्या बुटांच्या आत. कोंबल्यात. आरपार. अक्षरं. सगळी अक्षरं तिथं येऊन बसलीत.

१५ मार्च

कडी लावली. तेल छान आहे, आवाज नाही झाला.

पाठीला हात पोचत नाही. मग दंडाला. छातीला. पोटाला. जिथं पोचेल तिथं. मोजल्या नाहीत. लालबाई भरली नळाच्या पाण्यानं. पोटाशी धरलीय, लेकरासारखी.

वाट बघते.

येतंय. पायांपासून. उन्हातलं लोणी. भिंतीवरचे एकेक करून —

उठायला गेले, खुर्चीसकट पडले. मोठा आवाज झाला. कुठं आपटलं कळलं नाही. वही हाताशी होती, पेन पण. जमिनीवर बरं आहे. गार.

ती आली. दार वाजवतेय. आई, पडलीस का? आई, लागलं का गं तुला? कडी काढ. आई, बुटांचं खोकं उघडं आहे, काय केलंस तू?

मौनीबाबा दाराला खांदा देताहेत. ते पण ओरडताहेत. आवाज चांगला आहे त्यांचा.

लालबाई पोटाशी ओढून घेतली.

आता ती दाराच्या खालच्या फटीशी आडवी झालीय. तिथनं बोलतेय. रडतेय. म्हणतेय, चुकलं गं माझं, मला भीती वाटली, तू जाशील म्हणून, चुकलं. आणि आता —

नकटे.

नकटे म्हणाली. नकटे, दार उघड गं. नकटे.

फटीतनं नाकाचं टोक दिसतंय. लाल झालंय.

अहो, तीच आहे. आपलीच आहे. दुसरी कुणी नव्हतीच. सगळे दिवस तीच होती, नाकाडी, माझी —

चार पावलं सरपटलं तर कडी. ती आत येईल, ओरबाडून काढील सगळ्या. काढीलच ती.

नाही जात.

तुम्ही आला नाहीत. खुर्ची आडवी आहे. खरं सांगू? तुमची वाट नव्हतेच बघत. तुमचं नाव पुढं केलं नुसतं. तुम्ही पण नको. नाकाडी पण —

हाक मारतेय. लागलं का, लागलं का.

नाही गं नाकाडे. कुठंच लागलं नाही. पाठ दुखत नाही माझी. फेब्रुवारीपासूनच दुखत नाही. सात खोटे, आठ खोटे, सगळे मार्क खोटे. तू विचारलंस तेव्हा खरं बोलले, तेवढं एकदाच. लागत नाही.

पण मला ती पट्टी लागते गं. मला ती लाग